नाव न विचारलेल्या काकांना

ती. काका,
सा. न.

पुण्यात न्यूरोच्या ओपीडीबाहेर आपण तीन तास एका बाकावर बसलो होतो. तुमचा नंबर ४२, आमचा ४५. एवढं बोललो, पण तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. म्हणून हे उघडं पत्र. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

आईला पार्किन्सन्स, हात थरथरतो, अंग लाकडासारखं ताठ होतं. त्या दिवशी ती गाऊनवर आली होती. जन्मात लुगड्याशिवाय उंबरा न ओलांडलेली बाई. निऱ्याच पडत नव्हत्या तिच्याच्याने. तुम्ही तिला विचारलंत, "गोळी घेतल्यावर चालता का नीट?" ती म्हणाली, "दीड तास. मग परत लाकूड." तर तुम्ही खूश! म्हणालात, "मग माझ्यासारखं मेंदूत वीज सोडणारं मशीन बसवून उपयोग होईल. गोळीच्या भरात जे जमतं, तेच ते दिवसभर धरून ठेवतं. गोळीच्या भरातही जे जमत नाही, ते विसरायचं. कंप तेवढा अपवाद." मग शर्टाचं बटण काढून आईचं बोट गळपट्टीच्या हाडाखाली टेकवलंत. आत बॅटरीची डबी, कानामागून वर मेंदूत गेलेली वायर. आई पुटपुटली, "अगं, लागतीय हाताला!"

त्याआधी आम्ही 'पार्किन्सन्स कायमचा बरा' छापाचे व्हिडिओ बघून आलो होतो. आजार जात नाही, तो पुढे सरकतच राहतो, हे तोंडावर सांगणारे पहिले तुम्हीच. त्याचं वाईट वाटलं होतं तेव्हा. आता वाटतं, ते ऐकलं नसतं तर नंतर स्वतःला फसवल्यासारखं झालं असतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे वही घातली: गोळी किती वाजता, 'ऑन' कधी (गोळी चालू, अंग मोकळं), 'ऑफ' कधी (गोळी उतरली, अंग ताठ). तपासणीत रात्रीपासून गोळ्या बंद ठेवून सकाळी आईला चालवलं, मग गोळी देऊन पुन्हा चालवलं. अगदी तुमचंच वाक्य, फक्त मोजून.

ऑपरेशनची भीती तुमच्या त्या गोष्टीने गेली. १९८७ साल, फ्रान्समधलं ग्रेनोबल, बेनाबिद नावाचे सर्जन. कंपासाठी मेंदूतला ठिपका जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे बघायला ते वीज सोडायचे. वीज भराभर सोडली की कंप थांबायचा. मग जाळायचं कशाला, तार आतच राहू दे! आई थिएटरात जागीच होती. डोक्याला फ्रेम, समोर डॉक्टर म्हणताहेत मूठ उघडा, मिटा. यंत्रातून पेशींचा आवाज येत होता. "पत्र्यावर पाऊस पडतो ना, तसा," असं ती नंतर म्हणाली.

आणि "ऑपरेशननंतर पहिले काही दिवस मशीन बंद असतानाच बरं वाटेल, हुरळू नका, कंप परत येईल, तेव्हा रडू नका," हे तुमचं बोलणं! झालंही तसंच. तार घालतानाच्या सुजेनेही थोडे दिवस फरक पडतो म्हणे. दहाव्या दिवशी हात पुन्हा थरथरायला लागला तेव्हा बाबा मटकन खाली बसले. मी वही काढून तुमची ओळ वाचून दाखवली. पुढे मशीन सुरू झालं, तरी सेटिंग बसायला पाच-सहा खेपा झाल्या. एकदा करंट वाढवला तर जीभच जड झाली, परत कमी केला.

सगळ्यात मोठे आभार तुमच्या शेवटच्या ओळीसाठी. "डायथर्मीचा, म्हणजे यंत्राने अंगात खोलवर द्यायचा शेक कधीही नाही." आईचा गुडघा धरला तेव्हा एका दवाखान्यात पॅड लावायची तयारीसुद्धा झाली होती. छातीत मशीन आहे का, हे कुणी विचारलंच नाही. आईनेच हात आडवा घातला. तो शेक तारेवाटे मेंदूपर्यंत पोचून तिथला भाग भाजू शकतो, हे आम्हाला कुठून माहीत असणार?

आता आई लुगडं नेसते. वीस मिनिटं लागतात, कुणी मदतीला गेलं की ओरडते. गोळ्या निम्म्यावर आल्यात. आवाज मात्र खोल गेलाय तो गेलाच, आणि वळताना अजून तोल जातो. तुम्ही म्हणाला होतात तसंच. फोनवर तिचं बोलणं कळत नाही, म्हणून पत्र मी लिहितेय.

तुमची बॅटरी बदलायची होती, झाली का? आईची चार्जिंगची आहे. दर रविवारी ती गळ्यात पट्टा अडकवून टीव्हीसमोर बसते, आणि लाइट गेली की आम्ही सगळे तिच्याकडे बघतो.

वहीत लिहायला घेतलेलं तुमचं निळं पेन आमच्याकडेच राहिलंय. टोपण तेव्हाही नव्हतं.

तुमची,
४५ नंबरवाल्यांची मुलगी