बक्षीस राहू द्या, बसायला जागा द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आपल्या दैनिकात चित्रकला स्पर्धांच्या बातम्या येऊ लागतात. फोंडा तालुक्यातल्या शाळांत मी तीस वर्षे चित्रकला शिकवली आणि अशा कितीतरी स्पर्धांचा परीक्षकही होतो. स्पर्धा जरूर व्हाव्यात. पण ती दोन तासांत आटोपते, तिघांना बक्षीस मिळते आणि बाकीची मुले खडूंचा डबा बंद करून घरी जातात. पुढच्या रविवारी त्यांनी चित्र काढायला कुठे बसायचे?

निवृत्तीनंतर गेली चार वर्षे मी रविवारी सकाळी पेस्टलचा वर्ग घेतो. फी नाही. आठ वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या आजींपर्यंत चौदा-पंधराजण येतात. पेस्टलच का, असे पालक विचारतात. कोरड्या पेस्टलच्या खडूत जवळजवळ सगळा रंगच असतो, डिंक फक्त कांडी टिकण्यापुरता. रंग मिसळायचा तो कागदावरच, बोटाने. आपल्याकडे श्रावणात जलरंगाचा कागद दुपारपर्यंत ओलाच राहतो. पेस्टलला वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. कागद मात्र रवाळ हवा, गुळगुळीत कागदावर भुकटी धरत नाही. महागडा कागद आम्हाला परवडत नाही म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला बारीक पॉलिश पेपर आणतो, त्यावर रंग छान बसतो. चित्र टिकवायचे तर काचेची चौकट लागते, आणि काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये माउंट. नाहीतर इथल्या दमट हवेत बुरशी ठरलेली.

शाळेच्या दप्तरात असतात ते तैलखडू. कोरडे पेस्टल इथल्या दुकानांत सहसा मिळत नाहीत आणि मागवले तर महाग पडतात. म्हणून आमच्याकडे सगळ्यांत मिळून साठ खडूंचा एकच डबा आहे. नवा खडू आला की मी त्याचे तीन तुकडे करतो. पहिल्या दिवशी मुलांचा जीव कळवळतो. पण तुकडा आडवा धरून ओढला की रुंद पट्टा उमटतो, तो पाहिल्यावर ती स्वतःहून खडू मोडायला लागतात आणि शेजाऱ्याला अर्धा देतात.

गेल्या भाद्रपदात माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळांचे, सामान समोर ठेवून बसलो होतो. सुपारीचा घोस, तोरिंजन, एक मोठे चिबूड. सहावीतल्या एका मुलाने चिबडाच्या सावलीसाठी काळा खडू उचलला. शेजारी बसलेल्या काकांनी तो त्याच्या हातातून अलगद काढून घेतला. हे काका चित्रशाळेत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, गणपती रंगवतात. चाळीस वर्षांचा हात आहे. म्हणाले, “पुता, हळदुव्याची सावळी काळी नासता,” म्हणजे पिवळ्याची सावली काळी नसते, आणि त्याच्या हातात जांभळ्याचा तुकडा ठेवला. मुलाने तो पिवळ्यावर हलकेच फिरवला, बोटाने पुसला आणि चिबूड एकदम गोल झाले. तीस वर्षांत फळ्यावर मला हे इतक्या सोपेपणाने दाखवता आले नव्हते.

साहेब, मला हवी आहे ती हीच शेजारची बैठक. चित्रकार लक्ष्मण पै यांची रंगांशी ओळख झाली ती मडगावात, मामांच्या फोटो स्टुडिओत कृष्णधवल छायाचित्रे रंगवताना. सांग्यात 1870 साली जन्मलेले चित्रकार आंतोनियो शावियर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले आणि तिथेच शिकवू लागले. तेव्हा गोव्यात चित्रकलेचे महाविद्यालय नव्हते. ते 1972 साली आले. आज पणजीत आल्तिनोवरच्या त्या महाविद्यालयातून चांगले चित्रकार बाहेर पडतात. पण ज्याला चित्रकार व्हायचे नाही, नुसते रविवारी चित्र काढायचे आहे, त्याच्यासाठी गावात काय आहे?

हे लिहायला कारण घडले. आमचा वर्ग आधी एका सभागृहाच्या बाजूच्या खोलीत भरायचा. भाडे आम्ही वर्गणी काढून देत होतो. रंगाची भुकटी खाली पडू नये म्हणून आपल्याच दैनिकाचे जुने अंक अंथरत होतो. झाडू मारला की भुकटी हवेत उडते, म्हणून उठताना ओल्या फडक्याने लादी पुसत होतो. तरी दुसऱ्या महिन्यात ‘लादी खराब होते’ म्हणून खोली बंद करण्यात आली, तीही आयत्या वेळी. पावसात मुले पायऱ्यांवर कागद पोटाशी धरून उभी होती. मला फार वाईट वाटले, अजूनही वाटते. शेवटी एका देवळाच्या समितीने अग्रशाळेची, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या इमारतीची, पडवी दिली. त्यांचे उपकार विसरणार नाही, पण उत्सव आला की पडवी रिकामी करावी लागते.

मडगाव, साखळी, कुडचडे इथे रवींद्र भवने आहेत. गावोगावी वाचनालये आणि पंचायतीच्या खोल्या आहेत. त्यांतली एखादी खोली महिन्यातले दोन रविवार सकाळी चित्र काढणाऱ्यांना मिळावी. खिडकी आणि पाण्याचा नळ असला की पुरे. शिकवायला निवृत्त शिक्षक पुढे येतील, चित्रशाळांतले कारागीरही येतील. चवथीआधीचे दोन-तीन महिने तेवढे त्यांना सोडावे लागतील. कला व संस्कृती संचालनालयाने याचा विचार करावा, ही विनंती.

आपल्यालाही एक विनंती. रविवारच्या पुरवणीत मुलांची चित्रे छापता, तशी कधीतरी एखाद्या आजींचीही छापा. आमच्या वर्गातल्या आजींनी पावसात भिजलेली चिऱ्यांची भिंत काढली आहे. पाठवून देतो.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, फोंडा