बाबा, नवीन कॉम्प्युटर आत्ताच घेऊ नका

ती. बाबा आणि प्रिय आई,

पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर हा विषय निघाला की बाबा आणि मी दोघंही आवाज चढवतो, मग आई फोन काढून घेते आणि गाडी पाणी कधी येतं यावर जाते. लिहिलेलं असलं की बाबा चष्मा लावून वाचतील, पेन्सिलने खुणा करतील आणि मग भांडतील, तेवढा वेळ मला मिळतो.

आधी पैशांचं. त्या दुकानवाल्याला ४५,००० द्यायचे नाहीत. ॲडव्हान्स दिला नसेलच असं धरून चालते. तुमचा कॉम्प्युटर बिघडलेला नाहीये, स्लो आहे, आणि त्याने मशीन उघडूनही न बघता नवीन घ्या सांगितलं याचाच मला जास्त राग आला.

परवा क्विक असिस्ट लावून मी इथून खारघरवरून तुमची स्क्रीन बघत होते तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायला सांगितलं होतं आठवतंय, ती जी खिडकी उघडली तिला टास्क मॅनेजर म्हणतात. त्यात सीपीयू पंधरा टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे प्रोसेसर निवांत बसलेला, आणि डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर जाऊन तिथेच चिकटलेला. सगळं दुखणं तिथे आहे. तुमच्या मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे, आत खरोखरच तबकडी फिरते आणि तिच्यावर एक छोटा दांडा इकडून तिकडे धावतो. एखादी मोठी फाईल सलग वाचायची असेल तर ती डिस्क बरी चालते, पण विंडोज चालू होताना हजारो बारीकसारीक फायली कुठून कुठून गोळा कराव्या लागतात आणि असं विखुरलेलं वाचन या डिस्कला सेकंदाला फार तर शंभर-दीडशे वेळा जमतं. एसएसडी म्हणजे नव्या प्रकारची डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच काम हजारोंनी होतं. त्यामुळे मी एसएसडी घेऊन येतेय, आणि रॅम चार जीबी आहे ती आठ करून टाकू. आईसाठी सांगायचं तर रॅम म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे माळा, ओटा छोटा असला की प्रत्येक डब्यासाठी शिडी लावावी लागते. तुझा ओटा वाढवतेय आणि माळा खाली आणतेय, बास.

आता बाबा, तुम्ही म्हणता की "अपडेट आला की मशीन मरतं, म्हणून त्या माणसाने अपडेट बंद करून दिलेत". यातलं पहिलं अर्धं बरोबर आहे. तुम्ही कॉम्प्युटर लावता कधी, तर रविवारी सकाळी, सोसायटीचं काम असलं की. मधले सगळे दिवस तो बंद. मग रविवारी चालू केल्या केल्या विंडोजचा अपडेट, अँटीव्हायरसचं साचलेलं स्कॅनिंग, सर्चची यादी बनवणं, ऑफिसचा अपडेट असं सगळं बिचाऱ्या त्या एका डिस्कवर तुटून पडतं, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही एक्सेल उघडायला जाता. कुणाचंही मशीन मरेल. मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे मोठे अपडेट दुसऱ्या मंगळवारी सुटतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. तर त्यानंतरच्या बुधवारी दुपारी जेवण झालं की कॉम्प्युटर नुसता चालू करून ठेवायचा आणि तुम्ही झोपायचं. उठलात की रीस्टार्ट मारायचा. रविवारी कटकट होणार नाही.

रीस्टार्टच, शट डाऊन नाही. हे खुळचट वाटतं पण आहे असंच. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते, ती चालू असली की शट डाऊन केल्यावर विंडोजचा आतला भाग डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी तोच उचलतात, त्यामुळे आत काही गडबड अडकली असेल तर ती पण तशीच परत येते. खरी नवी सुरुवात रीस्टार्टने होते. तुमच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली अपटाईम, म्हणजे मशीन सलग किती वेळ चालू आहे ते, लिहिलेला असतो, तो कित्येक दिवसांचा दिसत होता, तुम्ही इमानेइतबारे दर वेळी बंद करूनसुद्धा. आणि स्क्रीनवर बंद करू नका असं लिहिलेलं असताना भिंतीवरचं बटन बंद करायचं नाही, कितीही वेळ लागला तरी. लाईट गेली तर इलाज नाही, पण तुमचा यूपीएस नुसता टूं टूं करतो आणि लगेच बसतो, त्याची बॅटरी पण बदलायला झालीय.

अपडेट बंद ठेवण्याबद्दल मात्र मी ऐकणार नाही. जून २०१७ मध्ये इथे उरणला जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल व्हायरसने ठप्प झालं होतं, कंटेनरच्या रांगा लागल्या होत्या, पेपरमध्ये तुम्हीच मला दाखवलं होतंत. तो व्हायरस ज्या फटींतून पसरत होता त्यातली एक मोठी फट बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेला होता. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं असं होतं, आपल्याकडे तर अख्ख्या सोसायटीचे फोन नंबर आणि थकबाकी आहे.

त्या दुकानवाल्याने टाकलेले दोन क्लीनर आणि जुन्या अँटीव्हायरसवर दुसरा अँटीव्हायरस हे सगळं मी आले की काढणार आहे. दोन पहारेकरी एकमेकांचीच झडती घेत बसलेत. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तुम्हाला पुरेसा आहे.

आता एक्सेल, आणि इथे मला जरा वेळ लावायचाय, कारण बाबा, फोन ठेवताना तुम्ही म्हणालात "आता आम्हाला हे झेपत नाही, नवीन पोरांना देऊन टाकतो". मला ते आवडलं नाही. तुमची मेंटेनन्सची फाईल मी नीट बघितली. फाईल हळू चालते त्याची कारणं फाईलमध्येच आहेत आणि दोन्ही अगदी साधी आहेत. आपल्या सोसायटीत फ्लॅट ४८, म्हणजे ओळी साठ-सत्तर पुरे. मी कंट्रोल आणि एंड दाबलं तर कर्सर लाखाच्या पुढच्या ओळीवर जाऊन बसला. कधीतरी बॉर्डर आणि फॉर्म्युला माऊसने खाली ओढताना ते तिथवर गेलंय, आणि एक्सेलला वाटतं तिथपर्यंत सगळं कामाचं आहे. शेवटच्या फ्लॅटच्या खालच्या सगळ्या ओळी सिलेक्ट करून राईट क्लिक करून डिलीट करायच्या, नुसतं कीबोर्डवरचं डिलीट दाबून मजकूर जातो, ओळ नाही, आणि मग सेव्ह. दुसरं म्हणजे व्याजासाठी तुम्ही प्रत्येक ओळीत आजची तारीख आपोआप घेणारा टुडेचा फॉर्म्युला लावलाय. डोकं चांगलं लावलंय, पण हा फॉर्म्युला असा की शीटमध्ये कुठेही एक आकडा बदलला की तो सगळीकडे परत मोजायला लागतो, आणि तुमच्याकडे तो लाखभर ओळींत आहे! वर एका सेलमध्ये तारीख हाताने टाका आणि सगळ्या ओळींना तो सेल दाखवा. मी कॉपीवर करून बघितलं, फाईल पटकन उघडते. आणि ते थकबाकीवाल्यांना पिवळा रंग, दोन महिन्यांच्या वर गेले की केशरी, हे मी आमच्या ऑफिसात दाखवणार आहे. ज्याला हे सुचतं त्याने रजिस्टर कुणाला देऊ नये, निदान एजीएमपर्यंत तरी.

वर्डचं कारण तर हसण्यासारखं निघालं. तुमच्या मशीनवर डीफॉल्ट प्रिंटर म्हणून अजून तो जुना प्रिंटर लागलेला आहे जो आपण भंगारवाल्याला दिला. वर्ड पान मांडताना डीफॉल्ट प्रिंटरला विचारून घेतं, आणि तो बिचारा उत्तर कुठून देणार, म्हणून वर्ड उघडताना ताटकळतं. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्समध्ये जाऊन पीडीएफवाला डीफॉल्ट करा. तरीही अडकलं तर विंडोजची की आणि आर दाबून विनवर्ड, मग स्पेस, मग स्लॅश सेफ असं इंग्रजीत टाइप करा, त्याने वर्ड बाकीचे जोडलेले ॲड-इन, म्हणजे वरून लावलेले छोटे प्रोग्रॅम, न लावता उघडतं. तसं झटकन उघडलं तर दोष ॲड-इनचा. कंट्रोल पॅनलमधून ऑफिसचं क्विक रिपेअर करायला हरकत नाही, पण ऑनलाइन रिपेअर मी आल्याशिवाय दाबू नका, तो ऑफिस जवळजवळ नव्याने टाकतो आणि मग प्रॉडक्ट की शोधत बसावं लागेल.

आई, तुझ्या भजनी मंडळाच्या जुन्या फायली उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते ती व्हायरसमुळे नाही. त्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्यात आणि तो फॉन्ट आता मशीनवर नाहीये. डिलीट करू नकोस, मी युनिकोडमध्ये बदलून देते.

विंडोज १० संपलं म्हणून नवीन मशीन घ्या, ही एक गोष्ट दुकानवाला अर्धी खरी बोलला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ऑफिस २०१६ चा पण त्याच दिवशी. विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चढत नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. पण म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट वाढवून घेता येतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, विंडोज अपडेटच्या पानावर एनरोलची लिंक येते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्ज सिंक ठेवल्या की पैसे पडत नाहीत. ऑफिसच्या जागी लिब्रे ऑफिस टाकून बघू, फुकट आहे, तुमच्या एक्सेल फायली उघडतं. सवय व्हायला त्रास होईल, तो होऊ द्या. नवं मशीन पुढच्या वर्षी घेऊ, तुम्हाला हवं असेल तर.

आणि "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" असा फोन आला तर आईने सरळ ठेवून द्यावा, बाबांच्या हातात देऊ नये, ते वाद घालत बसतात. मायक्रोसॉफ्ट असा आपणहून कुणाला फोन करत नाही. ॲप टाकायला सांगितलं, ओटीपी विचारला तर नाही म्हणायचं. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

शनिवारी दुपारची पनवेल-ठाणे लोकल धरून येते. त्याआधी बाबांनी मेंटेनन्सची फाईल आणि आईचं भजनाचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवावं. डिस्क बदलायच्या आधी मी बॅकअप घेणारच आहे, पण दोन असलेले बरे. विंडोजच्या पासवर्डची डायरी पण काढून ठेवा, आणि दुकानवाल्याचा फोन आला तर मुलगी बघतेय म्हणून सांगा.

तुमची,
ताई