चालू वेगळं, बंद वेगळं

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

कुरियरने एक छोटं पार्सल पाठवलं आहे. चिपळूणला पाऊस फार नसेल तर या आठवड्यात पोचेल. त्यात एक नवा रिमोट आहे. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार, तिघांना मिळून हा एकच. फोनवर सांगायला गेले तर निम्मं ऐकू येणार नाही आणि उरलेलं लक्षात राहणार नाही, म्हणून पत्रच लिहितेय. बाबा, चष्मा लावा, पत्र समोर ठेवा आणि सावकाश करा.

हे कशासाठी, ते आधी सांगते. बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला होते तेव्हा आईने टीव्ही लावलाच नाही. मी विचारलं तर म्हणाली, “एकटीला काय बघायचं?” नंतर शेजारच्या काकूंकडून कळलं की मध्ये लाइट गेली होती, परत आल्यावर टीव्ही लागेना, आणि थोडी खटपट करून आईने नाद सोडला. आई, वारीचे दिवस होते ते. सह्याद्रीवरचं वारीचं प्रक्षेपण तू दरवर्षी बघतेस. ते तुझं हुकलं, आणि तू कुणाला बोललीही नाहीस. मला ते फार लागलं. आपल्याच घरातला टीव्ही लावायला तुला कुणाची वाट बघायला लागू नये.

त्या दिवशी नेमकं काय झालं असेल, ते मी नंतर जुळवून पाहिलं. पॉवरचं लाल बटण टीव्हीला ‘सुरू हो’ सांगत नाही आणि ‘बंद हो’ही सांगत नाही. आत्ता आहेस त्याच्या उलट हो, एवढंच ते सांगतं. बाबा, तुम्ही जिन्यातल्या दिव्याला वर एक आणि खाली एक बटण लावलंत, तसंच हे. बटणाकडे बघून दिवा लागलाय की नाही ते कळत नाही, दिवाच बघावा लागतो. एकाच यंत्राला हे चालतं. आपल्याकडे तीन यंत्रं आहेत. लाइट आली की आपला बॉक्स आपोआप सुरू होतो, टीव्ही मात्र लाल दिवा दाखवून थांबतो. डिशच्या रिमोटवर पॉवरची बटणं दोन, एक टीव्हीचं, एक बॉक्सचं. आईने दोन्ही दाबली की टीव्ही सुरू झाला, पण बॉक्स बंद पडला आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’. पुन्हा दोन्ही दाबली की टीव्ही बंद आणि बॉक्स सुरू. असं रात्रभर दाबत बसलं तरी दोघं एकत्र यायचे नाहीत. म्हणून आई, तुला जमलं नाही असं मनात आणू नकोस. ती दोन्ही बटणं मिळून दाबली तर कुणालाच जमलं नसतं.

बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून एक सांगते. अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५६ साली रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी बनवलेला रिमोट बाजारात आणला, त्याला बॅटरीच नव्हती. बटण दाबलं की आतली बारीक हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची, माणसाला ऐकू न येणारा आवाज निघायचा आणि टीव्ही तो ओळखायचा. प्रत्येक दांडीची लांबी वेगळी, म्हणून आवाज वेगळा आणि कामही वेगळं. एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला त्यातली कारागिरी वेगळी सांगायला नको. चालू-बंदचं बटण त्यातही एकच होतं. तेव्हा ते ठीकच होतं, समोर एकच टीव्ही असायचा आणि तो चालू आहे की बंद ते दिसायचं.

आता मुद्द्याचं. आपल्या सोनीच्या टीव्हीला पॉवरचे तीन आदेश कळतात. २१ नंबरचा आदेश म्हणजे उलट हो, ४६ म्हणजे सुरू हो, ४७ म्हणजे बंद हो. टीव्हीसोबत आलेल्या रिमोटवर पॉवरचं बटण एकच असतं आणि ते २१ पाठवतं. ४६ आणि ४७ टीव्हीला समजतात, पण त्यांच्यासाठी रिमोटवर बटणच दिलेलं नाही. सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींनाही असे वेगळे आदेश कळतात. चालू असलेल्या टीव्हीला ४६ कितीही वेळा पाठवा, तो चालूच राहतो. मला तेच हवं होतं.

नवा रिमोट शिकणारा आहे. दुसऱ्या रिमोटचा प्रकाश त्याच्या तोंडावर पडला की तो आदेश जसाच्या तसा लक्षात ठेवतो. पण जो आदेश कुठल्याच रिमोटवर नाही तो त्याने शिकायचा कुणाकडून? माझ्या शाओमीच्या फोनला वरच्या कडेला इन्फ्रारेडचा, म्हणजे रिमोटच्या त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा, दिवा आहे. त्यातून मी ४६ आणि ४७ पाठवले आणि इथेच रिमोटला शिकवून टाकले. वरचं मोठं हिरवं बटण आता फक्त चालू करतं, लाल बटण फक्त बंद करतं. शेजारचं पिवळं बटण टीव्हीला थेट एचडीएमआय १ वर नेतं, म्हणजे बॉक्सवर. कुणी नातवंडाने टीव्ही भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवला असेल तर आईने पिवळं दाबायचं. मेनू उघडायचा नाही, बाण फिरवायचे नाहीत.

माझ्याकडे तुमचा टीव्ही नाही, म्हणून खरी परीक्षा तुमच्याकडेच होणार, आणि ती आईनेच घ्यायची. टीव्ही चालू असताना लाल दाब, बंद होईल. पाच सेकंद थांबून पुन्हा लाल दाब. काहीच व्हायला नको. टीव्ही परत सुरू झाला तर माझं शिकवणं फसलं असं समज आणि मला कळव. मग हिरवं तसंच दोनदा दाबून बघ. दुसऱ्यांदा दाबल्यावर काहीही न होणं हीच या बटणांची खूण आहे. बाबा, तोवर तुम्ही खुर्चीतून उठू नका आणि रिमोट तिच्या हातातून घेऊ नका. रागावू नका, पण हे मी मुद्दाम लिहितेय.

साउंडबारला या रिमोटवर पॉवरचं बटणच दिलेलं नाही. तो टीव्हीला एचडीएमआयच्या वायरने जोडलेला आहे ना, त्या वायरीतून टीव्ही त्याच्याशी बोलू शकतो. टीव्ही सुरू झाला की बारही सुरू, बंद झाला की बंद, आणि आवाजाची बटणं टीव्हीमार्फत बारचाच आवाज कमीजास्त करतात. यासाठी दोन गोष्टी बघा. वायर टीव्हीच्या मागे ज्या भोकात आहे तिथे ‘एआरसी’ लिहिलेलं हवं. आणि टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये ‘ब्राव्हिया सिंक’ चालू हवं. याच सोयीला सॅमसंग ‘एनीनेट प्लस’ म्हणतं आणि एलजी ‘सिंपलिंक’, म्हणून शेजारचा मुलगा मदतीला आला आणि त्याने भलतंच नाव घेतलं तर गोंधळू नका.

दुकानदार सांगेल की एकाच बटणात तिन्ही यंत्रांचे आदेश एकापाठोपाठ भरा. मी ते मुद्दाम टाळलंय. सुरू होता होता टीव्ही काही सेकंद दुसरं काही ऐकत नाही, म्हणून मध्ये थांबे घालावे लागतात, आणि तेवढा वेळ रिमोट टीव्हीकडे धरून ठेवावा लागतो. आईचा हात मध्येच खाली आला की एखादा आदेश हुकणार आणि पुन्हा तेच ‘नो सिग्नल’. एका बटणाने एकच काम करावं आणि ते दर वेळी व्हावं, हे मला जास्त पटतं.

आता बॉक्स. त्याला दिवसभर सुरूच राहू द्या. बाबा, तुम्ही बिलाचं म्हणाल, म्हणून हिशेब करून बघितला. टीव्ही नुसता लाल दिव्यावर असताना अर्धा वॅट घेतो असं धरलं तर वर्षाचे साडेचार युनिटही होत नाहीत. बॉक्स १० वॅटचा धरला आणि बारा महिने चोवीस तास चालला तर साधारण ८८ युनिट होतात. आणि बॉक्स रिमोटने बंद केला म्हणून त्यातले फार वाचतात असंही नाही. पुष्कळसे बॉक्स बंद दिसतात तेव्हाही आत जागेच असतात आणि जवळपास तेवढीच वीज घेत राहतात. त्यामुळे रात्री झोपताना बोर्डवरचं बटण बंद करायची तुमची सवय अगदी बरोबर आहे, ती सोडू नका. आठ तासांची रात्र धरली तरी वर्षाला २९ युनिट वाचतात. सकाळी बोर्ड चालू केलात की बॉक्स आपोआप सुरू होईल. त्याला आणि टीव्हीला एक-दोन मिनिटं द्या, मग आईने हिरवं दाबावं.

बॉक्सच्या सेटिंग्जमध्ये बराच वेळ बटण दाबलं नाही तर आपोआप झोपायची सोय असेल, ती बंद करून टाका. काही बॉक्सना ती असते. एवढं करूनही तो झोपलाच, तर रिमोटच्या तळाला डाव्या कोपऱ्यात एक लहान राखाडी बटण आहे, त्याला बॉक्सची पॉवर शिकवा. ते तुमच्यासाठी, आईसाठी नाही.

बॉक्सची बटणं तुम्हालाच शिकवायची आहेत: अंक, चॅनल वर-खाली, ओके, मागे, आणि ते राखाडी. दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवा, मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर. गॅलरीतून ऊन येतं तिथे बसू नका, उन्हातही इन्फ्रारेड असतो आणि शिकताना चुका होतात. ‘लर्न’ लिहिलेलं बटण दिवा लागेपर्यंत दाबून धरा. मग नव्या रिमोटवरचं हवं ते बटण दाबा, दिवा लुकलुकायला लागेल. आता बॉक्सच्या रिमोटवरचं तेच बटण सावकाश, नीट दाबा. दिवा तीनदा लुकलुकून स्थिर झाला की ते बटण शिकलं. सगळी झाली की पुन्हा ‘लर्न’ दाबून बाहेर पडा. आवाजाची बटणं मात्र सोनीच्या रिमोटवरून शिकवा, बारच्या नव्हे. हिरवं, लाल आणि पिवळं यांना हातही लावू नका. चुकून त्यांच्यावर दुसरं काही शिकवलं गेलं तर माझा आदेश पुसला जाईल आणि मला यावंच लागेल. तशी येईनच, पण टीव्हीसाठी नको.

एखादं बटण चालत नाही असं वाटलं तर आधी फोनचा सेल्फीचा कॅमेरा उघडा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसला तर रिमोट बोलतोय, अडचण टीव्हीच्या बाजूला आहे. ठिपका दिसत नसेल तर बॅटरी बघा. मागच्या वेळी मी फोटो मागवला होता त्यात साउंडबार टीव्हीच्या अगदी पुढ्यात ठेवलेला दिसला. प्रकाश घेणारा डोळा टीव्हीच्या खालच्या कडेला असतो, बार त्याच्या आड येतो. बार चार बोटं पुढे आणि खालच्या फळीवर घ्या. रिमोट बिघडला म्हणून लोक दुकानात जातात तेव्हा खूपदा कारण एवढंच असतं.

आई, हिरव्या बटणावर मी नेलपॉलिशचा एक जाड थेंब वाळवून ठेवलाय. चष्मा नसला, खोलीत अंधार असला तरी अंगठ्याला लागेल. लालवर काही नाही. थेंब लागला की चालू, त्याच्या उजवीकडे बंद.

आणि वीज कडाडायला लागली की रिमोटचा विषय संपला. तेव्हा बोर्डचं बटणही पुरत नाही. टीव्ही आणि बॉक्सचे प्लग काढायचे आणि छतावरच्या डिशची वायर बॉक्समधून सोडवायची. ते काम बाबांचंच, पण कडकडाट सुरू व्हायच्या आधी. सुरू झाल्यावर कुणीही हात लावायचा नाही, टीव्ही गेला तर जाऊ दे.

जुने रिमोट टाकून देऊ नका. सोनीच्या रिमोटवरचं माइकचं बटण ब्लूटूथने चालतं, ते नव्याला शिकता येत नाही, आणि सेटिंग्जसाठी जुनाच लागतो. बॅटऱ्या काढून पिशवीत घालून शोकेसच्या खणात ठेवा. बॅटऱ्या आत राहिल्या तर पाझरतात आणि पत्र्या गंजतात, हे तुम्हीच मला शिकवलंय.

पार्सलात चार बॅटऱ्या आहेत, दोन आताच्या, दोन पुढच्या. शिकवून झालं की रिमोटचा एक फोटो पाठवा, म्हणजे आई फोनवर “हे कुठलं?” म्हणाली की मला सांगता येईल. रविवारी सकाळी दहानंतर फोन करते. फोन आईने घ्यायचा, आणि दोनदा लाल दाबल्यावर काय झालं ते तिनेच सांगायचं. बाबा, डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा.

तुमची,
लेक