आधी खुर्ची बघा, मग पुस्तक वाचा

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की दुसऱ्या महायुद्धातल्या एकाच रात्रीच्या बॉम्बहल्ल्याबद्दल दोघांच्या आठवणी वाचल्या आणि त्या जुळत नाहीत, मग खोटं कोण बोलतंय? बहुतेक वेळा कुणीच नाही. ब्रिटिशांच्या लँकेस्टर बॉम्बरमध्ये सात जण असायचे, आणि प्रत्येकाला त्या रात्रीचा आपल्यापुरता तुकडाच दिसायचा. म्हणून अशा आठवणींचं पुस्तक हातात आलं की पहिल्या दहा पानांत लेखक विमानात कुठे बसत होता ते शोधून काढा. त्याच्या कोणत्या वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा आणि कोणतं वाक्य ऐकीव समजायचं, हे त्यावरून कळतं.

नॅव्हिगेटर, म्हणजे वाट काढणारा, घ्या. तो पायलटच्या मागे, काळा पडदा ओढून, छोट्या दिव्याखाली नकाशावर वाकलेला असायचा. ज्या शहरावर जाऊन आला ते शहर त्याने पाहिलेलंच नाही, असंही व्हायचं. तेव्हा आगीचं वर्णन त्याच्याकडून घेऊ नका; वेळ, वारा आणि दिशा त्याच्याकडून घ्या. ‘जी’ नावाच्या रेडिओ यंत्रणेवरून तो दर सहा मिनिटांनी विमानाची जागा काढायचा. सहाच मिनिटं का, तर तासाचा दहावा भाग. कापलेलं अंतर दहाने गुणलं की ताशी वेग तयार. पण जर्मन लोक ‘जी’त गोंगाट मिसळायचे, आणि युरोपच्या किनाऱ्याच्या आत ती फारशी चालायची नाही. मग उरायचं ते विमानाचं तोंड, हवेतला वेग आणि वाऱ्याचा अंदाज. तो अंदाज चुकला की सगळंच चुकलं.

२४ मार्च १९४४ ची बर्लिनची रात्र याचं ठळक उदाहरण आहे. उत्तरेकडून ताशी शंभर मैलांहून जोराचा वारा होता. काही नॅव्हिगेटरांनी तो बरोबर मोजला, पण एवढा वारा असेलच कसा म्हणून इंग्लंडला आकडा कमी करून कळवला. तिकडच्या लोकांनीही तो आणखी कमी केला आणि तोच सगळ्या विमानांना पाठवला. विमानं दक्षिणेकडे ढकलली गेली आणि परतीच्या वाटेवर कितीतरी विमानं थेट रूर या जर्मनीच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या विमानविरोधी तोफांवर जाऊन पोचली. ७२ विमानं गेली. या रात्रीबद्दल नॅव्हिगेटर पानंच्या पानं वाऱ्यावर लिहील. त्याच विमानातला शेपटीचा गनर एवढंच लिहील की जिथे तोफा असायला नको होत्या तिथून गोळे यायला लागले. दोघंही खरंच सांगतात.

शेपटीच्या गनरची खुर्ची सगळ्यात वेगळी. तोंड मागे आणि समोर ०.३०३ इंची चार ब्राउनिंग मशीनगन. बर्लिनची फेरी असली तर सात-आठ तास तो तसाच बसून असायचा. समोरच्या काचेवरचा ओरखडा किंवा तेलाचा थेंब अंधारात शत्रूच्या विमानासारखा दिसतो, म्हणून कित्येक जण टरेटच्या, म्हणजे त्याच्या फिरत्या घुमटाच्या, पुढची पर्स्पेक्सची (पारदर्शक प्लॅस्टिकची) पट्टीच काढून टाकायचे. मग उणे चाळीस अंशांची हवा थेट तोंडावर. विजेवर तापणारा पोशाख असायचा, पण एका बुटाची किंवा हातमोज्याची जोडणी तुटली की तेवढाच अवयव गारठून जायचा. श्वासातल्या वाफेचा ऑक्सिजनच्या मास्कमध्ये बर्फ व्हायचा; तो बोटांनी चुरडून काढावा लागे, नाहीतर गनर नकळत बेशुद्ध पडायचा. शिवाय त्याचं पॅराशूट टरेटमध्ये मावत नसे, ते पाठीमागे विमानाच्या पोटात टांगलेलं. विमान पेटलं तर टरेट सरळ करायचं, दारं उघडायची, मागे हात घालून पॅराशूट ओढायचं, छातीला लावायचं, आणि मग उडी. टरेट फिरवणारी हायड्रॉलिक नळी फुटली असेल तर हेच टरेट हाताने फिरवत बसायचं. गनरच्या पुस्तकात थंडीवर एवढी पानं का खर्ची पडतात, ते यावरून लक्षात येईल.

पुढे विमानाच्या नाकात पालथा पडलेला बॉम्ब एमर, म्हणजे नेम धरून बॉम्ब सोडणारा. खालची आग आणि लाल-हिरवे निशाणदिवे त्याला सगळ्यांत स्पष्ट दिसायचे. पण ‘आम्ही नेमक्या जागी टाकले’ असं त्याने लिहिलं असेल तर ते हातचं राखूनच वाचा. १९४१ च्या बट अहवालात ब्रिटिशांनी स्वतःच विमानांनी काढलेले फोटो तपासले, तेव्हा लक्ष्यावर हल्ला केला असं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचला होता. पुढे यंत्रं सुधारली, तरी एक खोड राहिलीच: तोफांच्या भडिमारात माणूस बटण क्षणभर आधीच दाबतो. मागून येणारा ती नवी आग बघून आणखी अलीकडे टाकतो, आणि आगीचा पट्टा विमानं जिकडून येतात तिकडे सरकत जातो. याला ते लोक ‘क्रीपबॅक’ म्हणत. शिवाय बॉम्ब सुटल्यावरही फ्लॅशचा फोटो निघेपर्यंत विमान जवळजवळ अर्धा मिनिट नाकासमोर सरळ चालवावं लागे. त्या अर्ध्या मिनिटाचा धसका जवळपास सगळ्यांच्या लिखाणात आहे, आणि त्याबाबतीत मात्र कुणीही वाढवून सांगत नाही.

फ्लाइट इंजिनियरची पुस्तकं कमी निघाली आणि माझ्या मते ती सर्वांत कमी वाचली जातात. लँकेस्टरला दुसरा पायलट नव्हता. पायलटशेजारी घडीच्या खुर्चीवर इंजिनियर बसायचा. २,१५४ गॅलन, म्हणजे साधारण ९,८०० लिटर पेट्रोल, कोणत्या टाकीतून कधी घ्यायचं आणि चार मर्लिन इंजिनांचे तापमान-दाब किती, याची नोंद तो फेरीभर ठेवायचा. बाबा, तुम्हाला ही खुर्ची आवडेल.

आता पडताळणी. विमानातल्या प्रत्येकाचं स्वतःचं लॉगबुक असायचं: तारीख, वेळ, विमानाचा नंबर, पायलट, स्वतःचं काम, शेरा आणि उड्डाणाचे तास. रात्रीचे तास लाल शाईत. शेऱ्याच्या रकान्यात बहुधा ‘ऑप्स, एसेन’ (मोहीम, रूरमधलं एसेन शहर) एवढंच. पुस्तकाच्या शेवटी लॉगबुकाची पानं छापली असतील तर एक बोट तिथेच ठेवून वाचा. इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या तळांवरून रूरची फेरी साधारण पाच तासांची, बर्लिनची सात-आठ. रूरला जाऊन यायला दहा तास लागले असं कुणी लिहिलं असेल तर दोन रात्री एकमेकींत मिसळल्यात. स्क्वॉड्रनची रोजची नोंदवही हा दुसरा आधार. फॉर्म ५४० म्हणजे दैनंदिनी. फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक विमानाचा चमू, निघण्या-उतरण्याची वेळ आणि बॉम्ब किती उंचीवरून, कधी टाकले ते. ही कागदपत्रं लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय दप्तरात ‘एअर २७’ या मालिकेत आहेत. तीही पोथी नव्हे हं. पहाटे चार वाजता दमलेल्या पोरांनी सांगितलं आणि कारकुनाने टंकलं, एवढंच.

टूर, म्हणजे एकेकाची ठरलेली पाळी, तीस मोहिमांची, पण कुणाच्या लॉगबुकात तेहेतीस-चौतीस दिसल्या तर गोंधळू नका. १९४४ च्या वसंतात फ्रान्सवरची मोहीम सोपी म्हणून एक तृतीयांशच धरली जायची. ३ मेच्या रात्री फ्रान्समधल्या मायी-ल-काँवर ४२ लँकेस्टर पडली, आणि तो हिशेब बंद झाला.

काही गोष्टी त्या वेळी त्यांना ठाऊकच नव्हत्या. आकाशात अचानक प्रचंड स्फोट दिसायचा. जर्मन लोक घाबरवण्यासाठी विमानाच्या स्फोटासारखे खोटे गोळे उडवतात, असं चमूंना सांगितलेलं होतं. त्यांचं नाव ‘स्केअरक्रो’. असे गोळे नव्हतेच. ती खरोखरची विमानं फुटत होती. १९४३ पासून जर्मन रात्र-लढाऊ विमानांवर वर तोंड केलेल्या तोफा बसवलेल्या होत्या. ते विमान खालून, जिथे गनरची नजर पोचत नाही अशा जागी येऊन पंखातल्या टाकीवर नेम धरायचं, आणि दिसू नये म्हणून चमकत्या गोळ्याही वापरत नसे. आणखी एक: बॉम्बरच्या शेपटीत शत्रू आल्याची सूचना देणारं ‘मोनिका’ रडार होतं, आणि जर्मन विमानं त्याचाच माग काढत यायची. जुलै १९४४ मध्ये एक जर्मन विमान चुकून इंग्लंडमध्ये वुडब्रिजला उतरलं, तेव्हा हे उघडकीला आलं. म्हणून पुस्तक कधी लिहिलं ते वर्ष बघा. पन्नासच्या दशकातला लेखक स्केअरक्रो खरे मानून लिहील. नव्वदच्या दशकातला कधी कधी नंतर वाचलेलं ज्ञान त्या रात्रीच्या तोंडात घालतो.

सगळ्यात मोठी त्रुटी मात्र कुठल्याच लेखकाच्या हातात नाही. दर मोहिमेला शंभरात चार विमानं पडली, तर तीस मोहिमा पुऱ्या करणारे शंभरात एकोणतीस. पाच पडली तर एकवीस. बॉम्बर कमांड, म्हणजे ब्रिटिश वायुदलाची बॉम्बरांची शाखा, तिच्यात विमानांतून जाणारे सुमारे सव्वा लाख लोक होते, त्यांतले ५५,५७३ मेले. पहिल्या पाच मोहिमांत नवखे चमू जास्त मारले जायचे, आणि त्यांचं पुस्तक निघत नाही. जे वाचतो ते वाचलेल्यांचं. अमेरिकनांचंही तेच, फक्त त्यांचे हल्ले दिवसा, थव्याने, चमू बहुधा दहाचा आणि टूर सुरुवातीला पंचविसाची. त्यांच्या गनरांचे ‘पाडलेल्या विमानांचे’ आकडे निम्म्याहून कमी करूनच धरा. एकाच विमानावर दहा जण गोळ्या झाडत आणि दहाही जण ते आपलंच म्हणत.

आई, तू मागून ओरडून विचारलंस की खाली जी माणसं होती त्यांचं काय. बरोबर विचारलंस. जुलै १९४३ मध्ये हँबुर्गला आगीचं वादळ उठलं आणि त्या हल्ल्यांत पस्तीस-चाळीस हजार माणसं गेली. या पुस्तकांत शहर म्हणजे वीस हजार फुटांवरून दिसणारे रंग, आणि बहुधा शेवटच्या प्रकरणात एखादा परिच्छेद. मला तो अप्रामाणिकपणा वाटत नाही, पण तेवढंच वाचून थांबणं मात्र अप्रामाणिकपणा होईल. लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरच्या डिजिटल संग्रहात वैमानिकांच्या मुलाखतींबरोबर ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्या लोकांच्याही आहेत. फुकट आहेत, आणि ऐकता येतात, म्हणजे बाबांच्या डोळ्यांना त्रास नाही.

बाबा, आपल्याकडच्या बॉम्बरांचंही वाचायचं असेल तर बंगालमधल्या दिग्री आणि सालबनीच्या, अमेरिकन बनावटीच्या लिबरेटर बॉम्बरांच्या स्क्वॉड्रनांच्या आठवणी शोधा. मलायातल्या पेनांगला समुद्रात सुरुंग टाकून परत यायचं म्हणजे तीन हजार मैल, आणि तिथे तोफांपेक्षा पावसाळी ढगांचीच भीती जास्त. युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली तीच विमानं बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने पुन्हा उडती केली, आणि पुढे त्यांतली काही आपल्या पुण्याच्या लोहगावला आली. १९६८ पर्यंत ती वायुदलात होती.

आधी कुठल्याही इंजिनियरचं पुस्तक घ्या, मग गनरचं. पायलटचं शेवटी, ती आधीच खूप वाचून झालीत तुमची. वहीत पुस्तकाचं वर्ष, खुर्ची आणि स्क्वॉड्रन एवढं टिपून ठेवा, म्हणजे फॉर्म ५४१ मधून काय बघायचं ते मला नुसतं फोनवर सांगता येईल. आईची गोळी विसरू नका.

तुमची,
मनू