जुनी गाडी घेताना आधी मॅट उचला, मग किंमत विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात ‘सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी, वापर फक्त रविवारी’ अशा जाहिराती सुरू होतात. सीमाभागात इतके डॉक्टर कुठून आले, हा प्रश्न तूर्त राहू दे. आम्ही नव्या-जुन्या गाड्या विकणारे आणि दुरुस्त करणारे लोक आहोत. गिऱ्हाईक गाडी कशी बघते ते रोज दिसते. बोनेट उघडून धुतलेल्या इंजिनाकडे पाहायचे, दोन दरवाजे आपटायचे, एसी लावायचा आणि थेट किमतीवर यायचे. आपल्या भागात जुनी गाडी दोन ठिकाणी नडते, एक पुराचे पाणी आणि दुसरे हद्दीपलीकडचे कागद. बोनेटखाली यातले काहीच दिसत नाही.

ऑगस्ट २०१९ आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, दूधगंगेने सांगली-कोल्हापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत काय केले, ते इथल्या वाचकाला सांगायला नको. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या सगळ्याच गाड्या भंगारात गेल्या नाहीत. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला पैसे मिळतात, सांगाडा लिलावात जातो. घेणारा तो धुतो, उन्हात वाळवतो, सीट कव्हर नवी घालतो आणि शक्यतो पूर न आलेल्या गावात नेऊन विकतो. एमएच-०९ (कोल्हापूर) किंवा एमएच-१० (सांगली) गाडी बेळगावात विकायला आली म्हणजे ती बुडालेलीच, असे मुळीच नाही. पण तपासायला पंधरा मिनिटे लागतात, आणि तेवढीही कोणी देत नाही.

आधी पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. शेवटचा हातभर पट्टा रोजच्या वापरात बाहेर येत नाही, म्हणून धुणाऱ्याचा हातही तिथे पोचत नाही. चहा सांडून वाळल्यासारखी आडवी रेघ दिसली किंवा बोटाला मऊ भुकटी लागली, तर तो गाळ आहे. मग स्टेपनी बाहेर काढा. खड्ड्याचा तळ आणि जॅकचे आटे बघा. सीट मागे सरकवून तिच्या पट्टीचे बोल्ट बघा. टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोके घाला, तिथल्या काही पट्ट्यांना रंग नसतो. विकणारा म्हणेल, ‘बेळगावचा पाऊस, थोडा गंज यायचाच.’ खरे आहे, पण दमट हवेचा गंज ठिपक्याठिपक्यांनी, कुठेही येतो. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा गंज एका उंचीपर्यंत सारखा असतो आणि त्या उंचीच्या वर अचानक संपतो. खानापूर-जांबोटीकडच्या गाडीत लाल धूळ सापडली म्हणून मात्र घाबरू नका. ती रस्त्याची असते, फुंकली की उडते. पुराचा गाळ स्क्रूच्या खाचेत बसून घट्ट होतो, तो नखाने उकरावा लागतो.

वास लपवायला गाडीत अत्तराची बाटली टांगलेली असतेच. काचा बंद करा, ब्लोअर गरमवर ठेवा आणि तीन-चार मिनिटे बसा. मॅटखालच्या जाड फेल्टमध्ये पाणी मुरले असेल तर ओल्या गोणपाटाचा वास वर येतो. एअरबॅगचा दिवाही याच वेळी बघा. किल्ली ऑन केली की तो लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे. लागलाच नाही तर प्रकरण त्याहून वाईट, कारण बिघाड दिसू नये म्हणून दिव्याची जोडणीच तोडलेली असू शकते. एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स बहुतेक गाड्यांत गिअर लिव्हरजवळ, खाली जमिनीलगत असतो. पाणी आत शिरले की आधी त्याच्यावर संकट.

इंजिनाचे दुखणे उशिरा कळते. पाणी दाबले जात नाही. एअर फिल्टरमधून ते सिलिंडरमध्ये शिरले आणि कोणी स्टार्टर मारला, की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुष्कळ वाकला तर इंजिन तिथेच संपते. थोडाच वाकला तर गाडी चालू होते, दोन-चार महिने चालतेही, मग रॉड तुटून ब्लॉक फोडतो. म्हणून शंका आली की कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजण्याची चाचणी, करून घ्या. पेट्रोल इंजिनाचे प्लग काढून गेज लावायला अर्धा-पाऊण तास लागतो. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ असावेत. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्के खाली असेल तर सौदा थांबवा. हेच उलट बाजूने लक्षात ठेवा, आपली गाडी कधी पाण्यात बंद पडली तर दुसऱ्यांदा किल्ली फिरवू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि टो करून आणा. साध्या विम्यात अशा वेळी इंजिनाचा दावा बहुधा नाकारला जातो. ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळे घ्यावे लागते, आणि त्यातही पाण्यात पुन्हा स्टार्ट केल्यावर वाद होतो.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका, तो मागे फिरवता येतो. ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत आणि मीटर म्हणते ३२,०००, तर पेडल खरे बोलते आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुनी जॉब कार्डे मागवायला विकणाऱ्यालाच सांगा, गाडीचा नंबर टाकला की नोंद सापडते.

आता कागद. केए-२२ बेळगाव, केए-२३ चिकोडी, केए-२४ बैलहोंगल, केए-४९ गोकाक. कर्नाटकातल्या कर्नाटकात नाव बदलायचे तर फॉर्म २९ आणि ३० वर काम भागते. महाराष्ट्राची किंवा गोव्याची गाडी घेतली की मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. इथला नवा नंबर घ्यायला फॉर्म २७ भरावा लागतो आणि कर्नाटकचा लाइफ टॅक्स भरावा लागतो. तो गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर ठरतो. गिऱ्हाईक फसते ते बहुधा इथेच. कोल्हापुरात गाडी साठ हजारांनी स्वस्त मिळाली म्हणून आनंद होतो, आणि टॅक्स, एजंट, फेऱ्या धरल्या की ती इथल्याच गाडीपेक्षा महाग पडते. इसार देण्याआधी टॅक्सचा आकडा आरटीओतून काढून घ्या. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण इथे नवी नोंदणी झाल्यावरच. तो परतावा कोणाचा, विकणाऱ्याचा की तुमचा, हे सौद्याच्या कागदावर लिहून घ्या. नंतर फोन उचलला जात नाही.

‘राहू दे एमएच नंबर, कोण विचारतंय?’ असे सांगणारे भेटतील. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो. त्याहून मोठी अडचण विम्याची. गाडी तुमची, आरसी कोल्हापूरच्या माणसाच्या नावे, पॉलिसी तिसऱ्याच्या नावे, आणि अपघात कणकुंबीत. समोरच्याच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आपोआप येत नाही. खरेदीनंतर चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज द्या. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. आधीच्या मालकाची ५० टक्के सूट तुम्हाला मिळणार नाही, तेवढा जादा हप्ता हिशेबात धरा.

परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बँकेचा बोजा, विमा आणि पीयूसी बघा. चलन महाराष्ट्राचे आणि कर्नाटकचे, दोन्हीकडे तपासा. बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. चेसिसवरच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेले अक्षर न् अक्षर आरसीशी जुळवा. ग्राइंडर फिरवलेल्या पत्र्यावर कागद टेकवला की हाताला कळते. करारपत्र कन्नडमध्ये टाइप केलेले असते. वाचता येत नसेल तर येणाऱ्याकडून ओळ न् ओळ समजून घ्या आणि मगच सही करा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

डीलरकडून घेत असाल तर आणखी एक मागा, आणि आमच्या धंद्यातल्या काहींना हे आवडणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकृतता प्रमाणपत्र लागते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तशी ऑनलाइन सूचना द्यावी लागते, आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी डीलरची. प्रमाणपत्र दाखवत नसेल तर तो डीलर नाही, एजंट आहे. मग ‘१२० पॉइंट तपासणी’च्या चकचकीत कार्डाला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा. शिक्का आणि तपासणाऱ्याची सही नसेल तर आम्ही शून्य देऊ.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात खर्च होणारच, पाच-दहा हजार बाजूला ठेवा. ऑइल आणि फिल्टर बदला, विकणाऱ्याने ‘कालच बदललंय’ म्हटले तरी. छोट्या पेट्रोल इंजिनात साधारण साडेतीन लिटर बसते. नक्की माप आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये असते. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या पुढे भरू नका, जादा ऑइलचा फेस होतो आणि सीलमधून गळते. ऑइल दुधाळ चहासारखे निघाले तर त्यात पाणी आहे. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालण्याची आपल्याकडे सवय आहे. त्या जड पाण्याचा थर आतल्या नळ्यांत बसतो आणि उन्हाळ्यात घाट चढताना काटा वर जातो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे, किंवा तयार मिसळलेले कूलंट घ्या. झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडा.

ब्रेक ऑइलकडे मात्र कोणी बघतच नाही. ते हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट-४ ऑइल २३० अंशांच्या पुढे उकळते, पण ओलावा मुरला की ते १५५ अंशांजवळही उकळू शकते. बेळगावात फिरताना फरक जाणवत नाही. चोर्ला घाट उतरताना पाऊण तास ब्रेकवर पाय ठेवला की आतले ऑइल उकळते, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल एकदम फरशीला टेकते. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदला, नुसते वरून भरू नका. पॅड तीन मिलिमीटरवर आले की बदला. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी सहा वर्षांवरचा टायर कडक होतो आणि ओल्या रस्त्यावर घसरतो. पूजेला चाकाखाली लिंबू ठेवताना आपण वाकतोच, तेव्हाच आकडेही वाचून घ्या. टायर आतल्या कडेने झिजला असेल तर अलाइनमेंट गेलेली आहे, आणि ती का गेली ते विचारा. बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवते. चालू असतानाही साडेतेरावर जात नसेल तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा, बॅटरी विकत घेऊ नका.

डिझेल घ्यावे का, हे सर्वांत जास्त विचारले जाते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो गरम झाला तरच साफ होतो. टिळकवाडी ते खडेबाजार एवढाच वापर असेल तर तो तुंबणार, आणि बदलायचा खर्च डोळे पांढरे करणारा आहे. आठवड्यातून एकदा हायवेवर निपाणीच्या बाजूला अर्धा तास एका वेगात चालवणार असाल तरच डिझेलचा विचार करा. पेट्रोलवाल्यांनी एवढे बघावे, एप्रिल २०२३ च्या आधीची बरीच मॉडेले २० टक्के इथेनॉलसाठी बनवलेली नाहीत. आपल्याच उसाचे इथेनॉल असले तरी ते जुन्या रबरी पाइपांना मानवत नाही. सर्व्हिसच्या वेळी इंधनाचे पाइप भेगाळलेत का, हात लावून बघा.

नवी गाडी घेणाऱ्यांनी बिलातल्या ‘हँडलिंग चार्ज’ला सरळ नाही म्हणावे. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही, बाहेरचे दोन दर काढून समोर ठेवा. कोटिंगच्या पॅकेजपेक्षा चांगले मडफ्लॅप जास्त उपयोगी.

शेवटी विकणाऱ्यांसाठी. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी एजंटच्या हाती देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ते कागद तीन-तीन हातांतून फिरतात आणि आरसीवर नाव तुमचेच राहते. अपघात झाला तर नोंदणीवर ज्याचे नाव तोच भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ भरूनच सही करा. ओळखपत्राची प्रत ठेवा. आणि पोर्टलवर नवे नाव दिसेपर्यंत दर आठवड्याला आपल्या जुन्या गाडीचा नंबर टाकून बघत राहा.

कळावे,
गाड्यांची विक्री व दुरुस्ती करणारे काही व्यावसायिक,
बेळगाव