चाकांआधी चरांकडे पाहा : पीटभूमीलगतच्या माउंटन बाइक ट्रेल्सविषयी मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
निसर्ग, वारसा व जैवविविधता,
आयर्लंड सरकार.

विषय : संरक्षित पीटभूमीच्या कडेने जाणाऱ्या माउंटन बाइक ट्रेल्सचा पाणीनिचरा व त्याची जबाबदारी.

महोदय,

सविनय नमस्कार.

स्लीव्ह ब्लूमच्या डोंगररांगेत, ऑफली परगण्यातील किनिटीच्या आणि लीश परगण्यातील बॉनरेच्या बाजूने, क्विल्चा या सरकारी वनकंपनीने उभारलेल्या माउंटन बाइक ट्रेल्सवर आज लांबलांबून सायकलस्वार येतात, आणि त्याच रांगेच्या माथ्यावर १९८५ साली राखीव घोषित झालेली पीटभूमी, म्हणजे न कुजता साठलेल्या वनस्पतींच्या थरांची (पीटची) पाणथळ जमीन, पसरलेली आहे. विकलो परगण्यात बॅलिनास्टोलाही चित्र फारसे वेगळे नाही : खाली लागवडीचे सूचिपर्णी जंगल, त्यात ट्रेल, आणि वर पीटने झाकलेला उघडा डोंगर. मी स्वतः या वाटांवर सायकल चालवतो, त्या बंद व्हाव्यात असे मला मुळीच वाटत नाही, आणि हे पत्र मराठीत लिहिण्याचे कारण एवढेच की माझ्यासोबत हे चढ चढणाऱ्या मराठी मित्रमंडळींनीही ते वाचावे.

ट्रेल आणि पीटभूमी यांच्यावरची चर्चा नेहमी चाकांभोवती फिरते. सायकलस्वार आखलेली वाट सोडून पीटवर घुसतात, चाकोऱ्या पडतात, पाऊस त्या चाकोऱ्या रुंद करतो, ही तक्रार खरी आहे आणि तिचे गांभीर्य कमी लेखण्याचे कारण नाही. पीट साधारणपणे वर्षाला एक मिलिमीटर या गतीने साठत जाते. म्हणजे वीतभर खोल गेलेली चाकोरी ही दोनशे वर्षांच्या थराला पडलेली चीर असते. परंतु वाट सोडणाऱ्याला फलक लावून, दोर बांधून, प्रसंगी दंड करून थांबवता येते. ज्या गोष्टीकडे आपल्या खात्याचे लक्ष वेधायचे आहे ती सर्व नियम पाळून, परवानगी घेऊन, नकाशावरच्या संरक्षित हद्दीबाहेर केली जाते, आणि ती म्हणजे ट्रेलच्या कडेचा चर.

चांगल्या ट्रेलची पहिली अट अशी की वाटेवर पाणी थांबता कामा नये. म्हणून छोटे पोकलेन लावून वाटेच्या वरच्या अंगाला चर खणला जातो, त्यातले पाणी ठरावीक अंतरावर वाटेखालच्या पाइपातून पलीकडे काढून दिले जाते, आणि वाट कोरडी राहते. पीटभूमीची पहिली अट नेमकी उलट आहे. तिचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच असतो. स्फॅग्नम शेवाळ पाणी धरून ठेवते म्हणून खालच्या थरांना हवा मिळत नाही, हवा मिळत नाही म्हणून मेलेली वनस्पती कुजत नाही, आणि न कुजलेल्या त्या वनस्पतींतला कार्बन हजारो वर्षे जागच्या जागी राहतो. पाण्याची पातळी खाली गेली की हा सारा व्यवहार उलटतो : हवा आत शिरते, पीट कुजू लागते आणि साठलेला कार्बन वायुरूपाने बाहेर पडू लागतो. जगाच्या जमिनीचा जेमतेम तीन टक्के भाग व्यापणाऱ्या पीटभूमीत सगळ्या जंगलांहून अधिक कार्बन आहे, हे आपल्या खात्याला मी सांगायला नको.

एका ट्रेलवर (त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही) जंगलाची कड संपून पीट सुरू होते तिथे असाच गुडघाभर खोल चर आहे. पावसानंतर त्यातून कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी वाहत असते. चराच्या वरच्या अंगाला पाऊल ठेवले तर जमीन दबते आणि बुटाभोवती पाणी येते. वाट ओलांडून उताराच्या बाजूला गेले की पायाखाली कोरडा, करकरणारा थर लागतो. तिथले स्फॅग्नम पांढुरके पडले आहे, हेदरची झुडपे उंच झाली आहेत आणि त्यांच्यामध्ये वाऱ्याने आलेल्या बियांतून सिटका स्प्रूस या लागवडीतल्या सूचिपर्णी झाडाची हातभर रोपे उभी राहिली आहेत. आडव्या चराचे कामच असे चालते : वरून उताराने झिरपत येणारे पाणी तो मध्येच अडवून दुसरीकडे नेतो आणि खालच्या पट्ट्याला उपाशी ठेवतो. तिथे एकही चाक गेलेले नाही.

याला खडीचा प्रश्न जोडून येतो. स्फॅग्नमला आम्ल आणि पोषणद्रव्यांनी गरीब पाणी लागते. देशाच्या मध्यभागी चुनखडी सहज मिळते, आणि ट्रेलवर तिची खडी टाकली तर प्रत्येक पावसात चुना धुऊन खालच्या पीटमध्ये उतरतो. स्लीव्ह ब्लूमचा स्वतःचा दगड वालुकाश्म आहे, विकलोचा ग्रॅनाइट. पीटलगत त्याच जातीचा दगड वापरावा, ही अट निविदेत एका ओळीत घालता येईल.

कायदा याबाबत मुका नाही. नैसर्गिक अधिवास जपण्यासाठी युरोपीय संघाने केलेल्या अधिवास निर्देशाचे सहावे कलम, प्रकल्प संरक्षित क्षेत्राच्या आत आहे की बाहेर एवढेच पाहत नाही, तर त्याचा त्या क्षेत्रावर लक्षणीय परिणाम संभवतो का, एकट्याने किंवा इतर प्रकल्पांसह, हे विचारते. आणि जिवंत आच्छादन-पीटभूमी, म्हणजे डोंगराला चादरीसारखी झाकणारी आणि अजून पीट साठवत असलेली जमीन, हा त्याच निर्देशानुसार प्राधान्याचा अधिवास आहे. मूल्यमापनाचे अहवाल होतातही. माझा आक्षेप असा की त्यांत पक्ष्यांना होणारा अडथळा आणि पायवाटांची धूप यांवर पानेच्या पाने खर्च होतात, आणि चर खणल्यावर पाचव्या वा दहाव्या वर्षी पाण्याची पातळी कुठे असेल, हे मोजण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. ट्रेल वनकंपनीचा, पीटभूमी राष्ट्रीय उद्याने व वन्यजीव सेवा या सरकारी यंत्रणेची, आणि मधल्या पट्ट्याचे पाणी कोणाचेच नाही.

आणखी एक गोष्ट मला अधिक बोचते. गेल्या शतकात सरकारी लागवडीसाठी कितीतरी पीट नांगरून, चर मारून त्यावर सूचिपर्णी झाडे लावली गेली. आज त्या जंगलात ट्रेल काढला तर कागदावर नुकसान शून्य दिसते, कारण तिथले पीट आधीच खराब झालेले असते. पण हीच जमीन झाडे तोडून, जुन्या चरांत बांध घालून पुन्हा भिजवता येण्याजोगी आहे, आणि २०२४ साली लागू झालेल्या युरोपीय निसर्ग-पुनर्स्थापना कायद्यानंतर तशा जमिनीचा शोध घेणे आपल्याला भागच आहे. तिच्यावर एकदा लोकप्रिय ट्रेल झाला, खाली गावात त्यावर चालणारी दुकाने उभी राहिली, की ती भिजवायची हिंमत कोणता मंत्री करील? म्हणून ट्रेलची आखणी होण्याआधी पुनर्स्थापनेचा नकाशा तयार हवा; नंतर केलेला नकाशा ट्रेल सोडूनच काढला जाईल.

पक्ष्यांविषयी थोडक्यात लिहितो. हेन हॅरियर हा भोवत्या जातीचा शिकारी पक्षी जमिनीवर, हेदरमध्ये किंवा कोवळ्या लागवडीत घरटे करतो, आणि २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत त्याच्या जोड्या २०१५ च्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने घटलेल्या आढळल्या. विणीच्या काळात घरट्यांजवळच्या वाटा बंद ठेवायला बहुतेक सायकलस्वार हरकत घेणार नाहीत, मात्र बंदीचे कारण आणि पर्यायी वाट फलकावर लिहिलेली हवी; नुसता ‘प्रवेश बंद’ वाचून माणूस बाजूने वळसा घालतो, आणि तो वळसा पीटवरून जातो.

तेव्हा विनंती अशी आहे. संरक्षित पीटभूमीलगतच्या कोणत्याही ट्रेलच्या विस्ताराला वा नूतनीकरणाला यापुढे संमती देताना, चरांच्या दोन्ही अंगांना पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्या बसवणे आणि त्यांच्या नोंदी दरवर्षी जाहीर करणे बंधनकारक करावे. पातळी घसरत असेल तिथे चर बुजवून तेवढा भाग पीट न खणता त्यावर टेकलेल्या, तरंगत्या बांधणीने किंवा लाकडी फळ्यांच्या मार्गाने न्यावा, अथवा ट्रेलच खाली, पीट नसलेल्या खनिज मातीवर हलवावा. वाट थोडी लांबली तर पाय आमचे दुखतील, त्याची काळजी खात्याने करू नये. आणि मधल्या पट्ट्याच्या पाण्याला जबाबदार असलेला एक अधिकारी, वनकंपनीतला असो वा वन्यजीव सेवेतला, नावानिशी नेमावा.

ही नेमणूक कधीपर्यंत होईल, एवढ्या एका प्रश्नाचे लेखी उत्तर आपल्या कार्यालयाने प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक सायकलस्वार रहिवासी