इंग्लंडला येणाऱ्या मुलांनो, बॉयलरचं पण विचारा

संपादक महोदय,
स.न.

दर सप्टेंबरला इकडे शिकायला, नोकरीला येणारी आपली मुलं फ्लॅट बघताना भाडं, स्टेशन, किचन सगळं विचारतात पण घर आणि नळाचं पाणी तापवणाऱ्या भिंतीवरच्या गॅस बॉयलरबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, मग थंडी पडली की फोन सुरू, रेडिएटर (खोली तापवणारी, आत गरम पाणी फिरणारी पॅनेलं) गार पडलेत म्हणून. बरेचदा नुसतं आतल्या पाण्याचं प्रेशर उतरलेलं असतं. सिस्टीम गार असताना बॉयलरवरचा प्रेशरचा काटा साधारण 1 ते 1.5 बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) हवा, कमी असेल तर घरमालकाला विचारून खालच्या नळीच्या व्हॉल्व्हने पाणी भरायचं आणि व्हॉल्व्ह नीट बंद करायचा.

थर्मोस्टॅट 30 वर नेला तरी घर लवकर गरम होत नाही, फक्त बिल वाढतं. कॉम्बी बॉयलरचं (टाकी न लागता रेडिएटर आणि नळ दोन्हींचं पाणी तापवणारा) रेडिएटरला जाणारं पाणी 60 अंशांच्या आसपास ठेवलं तर गॅस वाचतो, कारण परत येणारं पाणी 55 च्या खाली असेल तरच धुरातली वाफ नीट थंड होऊन तिची उष्णता वापरात येते.

पण माझी खरी काळजी बिघडलेल्या बॉयलरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची आहे. त्याला वास नसतो, रंग नसतो, झोपेतच माणूस जातो. घरमालकाने दरवर्षी गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची इथली अधिकृत यादी) नोंदणीवाल्या इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यायचा कायदाच आहे, त्या सर्टिफिकेटची कॉपी राहायला जायच्या आधी मागा, मिळालीच पाहिजे. इंग्लंडात 1 ऑक्टोबर 2022 पासून बॉयलरच्या खोलीत या वायूचा अलार्मही घरमालकाला सक्तीचा आहे. आईवडिलांनीही मुलांना हे फोनवर विचारावं, लाजू नये.

जमल्यास पत्र ऑगस्टमध्येच छापा, मुलं निघायच्या आधी.

आपली,
एक वाचक, लंडन